किनवटची वाट मी बघून आलो होतो

आप्पा, संगमेशनं माझ्याकडं दोन पानं मागितली आहेत. तुझ्या आठवणींची छोटी पुस्तिका काढून नातलगांना आणि आपल्या धंद्यातल्या जुन्या लोकांना वाटायची, असं तुझ्या या पोरानं ठरवलं आहे. "काका, तुम्ही जंगलाच्या सहलीवर लिहा," म्हणाला. "तब्येतीनं साथ दिली नाही, पण ती ठरवण्यात आप्पांचा किती जीव होता, ते येऊ द्या."

मी लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं ते छान झालं होतं. तू, मी, नकाशा, पैनगंगा, आणि शेवटी नशिबानं दगा दिला वगैरे. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं आणि फाडून टाकलं. 'तब्येतीनं साथ दिली नाही' हे वाक्य त्यात दोनदा आलं होतं. ते वाक्य माझं आहे, आप्पा. पहिल्यांदा त्या अर्थाचं मी संगमेशला सांगितलं. त्यानं डॉक्टरला सांगितलं, वहिनींनी शेजारणींना सांगितलं, आणि आता ते तुझ्या नावाच्या पुस्तिकेत छापून यायला निघालं आहे. तुझ्या तब्येतीला काही झालेलं नव्हतं. सहल मोडली ती माझ्यामुळं, आणि तुला आजारी ठरवलं ते मी. एकोणऐंशीव्या वर्षी एवढं तरी नीट लिहून ठेवतो.

आपल्या दोघांचं काम कसं चालायचं, ते आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. नांदेडला वजिराबादेत आपला स्टुडिओ. तू उदगीरचा, मी मुदखेडचा. तू फोटो काढायचास. मी मागच्या खोलीत, काचेखाली दिवा लावून, निगेटिव्हवर टचिंग करत बसायचो. निगेटिव्हवर पेन्सिलीचं शिसं लावलं की कागदावर तेवढी जागा उजळते. देवीचे व्रण, डोळ्यांखालचा काळेपणा, नवऱ्या मुलाच्या कपाळावरची खोक, सगळं मी पुसून द्यायचो. गिऱ्हाईक आलं की तू मोठ्यानं म्हणायचास, "आमच्या दिगूची नजर लई वाईट बरं का. नवरीच्या नाकावर माशी बसायच्या आधी दिसती त्याला!" मागच्या खोलीत मी ऐकायचो आणि पेन्सिलीचं टोक आणखी बारीक करायचो. माझ्याकडं दुसरं होतं काय? फोटो तुझे, ओळखी तुझ्या, बोलणं तुझं. माझी नजर तेवढी माझी.

आणि तुझा तो नियम. जागा न बघता कॅमेरा पिशवीबाहेर काढायचा नाही. भोकरला लग्न असो, बिलोलीला असो, आदल्या दिवशी मी एसटीनं जाऊन मांडव बघून यायचो. मुहूर्ताच्या वेळी ऊन कुठून येईल, होमाचा धूर कुणीकडं जाईल, कुठल्या झाडाची सावली नवरीचं तोंड मधोमध कापील, हे सगळं येऊन तुला सांगायचो. तू एक प्रश्न विचारायचा नाहीस. मी म्हणेन तिथं स्टँड रोवायचास. पस्तीस वर्षांत एकदाही "तुला खात्री हाय का?" असं तुझ्या तोंडून निघालं नाही.

बिलोलीच्या लग्नाचंही लिहितो, कारण ते तू कुणाला सांगितलं नाहीस. तिथले चार रोल मी धुवायला घेतले आणि खोलीतला पांढरा दिवा चालू असताना डबा उघडला. इतक्या वर्षांचा माणूस, आणि नवशिक्याची चूक. अख्खं लग्न काळं झालं. नवरीचे वडील स्टुडिओत आले तेव्हा मी मागच्या खोलीत भिंतीला लागून उभा होतो. तू बाहेर म्हणालास, "माझ्या हातून झालं, मालक. माझीच गफलत." ते तुला भर रस्त्यावर नाही नाही ते बोलले. तू मान खाली घालून ऐकलंस. मग आत आलास आणि मला म्हणालास, "चहा सांग. आलं जास्त टाकाय लाव." त्या दिवसानंतर तो विषय तू कधीच काढला नाहीस.

असल्या माणसाला मला खरं सांगता आलं नाही.

मोबाईल आले, स्टुडिओ बंद झाला, तू संगमेशकडं लातूरला राहायला गेलास. मी महिन्यातून एकदा यायचो. एका दुपारी गच्चीवर शेंगा खात बसलो होतो तेव्हा तू म्हणालास, "आयुष्यभर लोकांची लग्नं काढली, दिगू. निम्म्या जोड्या एकमेकांकडं बघतच नव्हत्या, कॅमेऱ्याकडं बघून राहिल्या होत्या. आता आपल्याकडं अजिबात बघणार न्हाई असलं काहीतरी काढू."

"म्हणजे काय?"

"डोंगर. पाणी. झाडं. सात दिवस. तू गाडी चालीव, मी तुझ्या शेजारी बसून बडबड करतो."

तुला स्कूटरच्या पुढं काही चालवता येत नव्हतं. गाडी माझी, हात माझे, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

मग सहा महिने नुसतं ठरवणं. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, मग सहस्रकुंडाचा धबधबा. तिथं दोन दिवस. पुढं किनवटचं सागवान. माहूरच्या डोंगरावरून खालचं धुकं. मग पैनगंगेपलीकडच्या अभयारण्यात तीन दिवस, तिथं विश्रामगृहासाठी अर्ज करायचा. सात दिवस, सात रोल, दिवसाला छत्तीस फोटो. त्याच्यावर एक नाही. काळेपांढरे रोल तू कुठून कुठून शोधून मागवलेस आणि फ्रीजमध्ये ठेवलेस. वहिनी वैतागल्या. "दह्याच्या बाजूला हे डबे! उद्या कढीत घालीन एखादा."

"घाल की. कढी तरी काळीपांढरी व्हईल."

भांडणंही मनापासून केली आपण. तुला पळस फुललेला हवा होता, म्हणजे शिमग्याच्या सुमाराला. मी म्हणत होतो दिवाळीनंतर, धुकं असतं तेव्हा. काळ्यापांढऱ्या रोलवर पळस काढून काय करणार, असं विचारल्यावर तू दोन दिवस माझा फोन घेतला नाहीस. शेवटी दिवाळीनंतरचं ठरलं. आणि दुसरं भांडण तर मिटलंच नाही. मी म्हणायचो, एवढा मोठा धबधबा, त्याच्याजवळ एखादं माणूस उभं पाहिजे, त्याशिवाय बघणाऱ्याला माप कळत नाही. तू उसळायचास. "माप कशाला? जंगल काय शिवायला टाकायचं हाय का?" मला अजून वाटतं की माझं बरोबर होतं. पण आता ते कुणाला सांगू?

दसरा झाल्यावर, तुझ्याच नियमानं, मी जागा बघायला गेलो. एकटाच. सकाळी लवकर नांदेड सोडलं. भोकरच्या पुढं काळ्या रानात कापूस फुटायला लागला होता. सहस्रकुंडाला पोचलो तेव्हा पाणी भरपूर होतं, काळ्या खडकावरून फेसाळत पडत होतं. मी दीड तास तिथं बसलो. ऊन कोणत्या वेळी कोणत्या खडकावर येतं ते वहीत टिपलं. तुझा स्टँड कुठं लागेल तो सपाट खडकही शोधून ठेवला. मग किनवटच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना साग. रस्ता मोकळा. मी हळूच चाललो होतो.

डाव्या बाजूला धाडकन आवाज झाला.

गाडी थांबवून उतरलो तर एक बाई रस्त्याकडेच्या चरीत पडलेली. डोक्यावरची लाकडाची मोळी सुटून सगळीकडं पसरलेली. गाडीचा आरसा मोळीला लागून ती फेकली गेली होती. कोपर सोलून निघालं होतं, रक्त येत होतं. ती माझी वाट न बघता स्वतःच उठून बसली आणि माझ्याकडं बघून ओरडली, "डोळे फुटले का रं म्हाताऱ्या? एवढी चालती बाई दिसत न्हाई तुला?"

आप्पा, ती मला खरोखरच दिसली नव्हती. सरळ रस्ता, लख्ख ऊन, डोक्यावर एवढी मोठी मोळी. तिथं अंधार दिसला असं नाही, धूसर दिसलं असंही नाही. ती बाजूच नव्हती. फोटोची कड कातरून टाकावी तशी.

मी म्हणालो, दवाखान्यात नेतो. ती म्हणाली, "तुझ्या गाडीत? ना बाबा." मागून तिच्या दोन सोबतिणी आल्या. मी लाकडं गोळा करायला लागलो तर तिनं माझ्या हातातून काढून घेतली. "ऱ्हाऊ दे. तू आधी घरला जा. अन् हळू जा." एवढं झाल्यावरही ती मला हळू जा म्हणाली. तिचं नाव मी विचारलं नाही. कोपराचं पुढं काय झालं, ते मला ठाऊक नाही. परत जाऊन विचारावं, असं रोज वाटलं आणि गेलो नाही.

नांदेडपर्यंत कसा आलो ते माझं मला माहीत. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. घरी सांगितलं की क्लच गेला. त्यानंतर ती गाडी मी चालवली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, काचबिंदू आहे. बराच जुना. समोरचं चांगलं दिसतं म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही, पण कडेचं गेलं आहे, डावीकडचं जवळजवळ सगळं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब टाकून सांभाळायचं. गाडी आजपासून बंद. मी विचारलं, "पेपर वाचता येईल ना?" ते म्हणाले, "वाचा की."

तेवढं मला पुरेसं होतं. पेपरातली बारीक अक्षरं मी चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवायचो. कुणाला संशय आला नाही.

डॉक्टरांकडून आलो, त्याच संध्याकाळी तुझा फोन. "बोल. काय काय बघितलंस?" आणि मी तुला तासभर सांगत बसलो. कुठला खडक, किती वाजता, ऊन उजवीकडून कसं येतं. तू वहीत उतरवून घेत होतास, मध्येमध्ये "थांब, थांब" म्हणत. पाण्याच्या तुषारांनी काच ओली होईल, फडकं घे, हेसुद्धा मी सांगितलं. बाईचं सांगितलं नाही. डोळ्यांचं सांगितलं नाही. तू म्हणालास, "दिगू, तू बघून आलास म्हंजे माझं निम्मं काम झालं."

त्यानंतर मी एकेक करून वाटा बंद करायला लागलो. विश्रामगृहाच्या परवानगीचं पत्र आलं. ते मी कपाटात कागदाखाली सारलं आणि तुला सांगितलं की आलं नाही. तू म्हणालास, "मग देवळात झोपू." थंडी फार आहे म्हणालो. "घोंगडी घेऊ." मग एक दिवस तू स्वतःच म्हणालास, "दिगू, आपण ड्रायव्हर घेऊ का? तू बी म्हातारा झालास. सात दिवस गाडी हाणायची म्हंजे पाय दुखत्याल तुझे."

तू दार सताड उघडून दिलं होतंस. मला नुसतं हो म्हणायचं होतं. कारणसुद्धा तूच दिलं होतंस, पाय. डोळ्यांचं नावही काढायची गरज नव्हती. आणि मी काय म्हणालो? "तिसरा माणूस आला की त्याची सहल होते, आपले फोटो होत नाहीत. त्याला जेवायची घाई, झोपायची घाई." वर थोडा रागावलोही. दिगंबरला आता गाडी जमत नाही, असं कुणी म्हणायला नको होतं. तूही नाही. ज्यानं बिलोलीच्या लग्नापायी माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या, त्यानंसुद्धा नाही.

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले तेव्हा मी लातूरला आलो. तू खाली स्टँडच्या पिशवीला नवा पट्टा शिवून घ्यायला गेला होतास. आपण दोघं बरोबर जिना चढलो. तीन मजले. तू स्टँड खांद्यावर टाकलेला, आणि खालपासून वरपर्यंत तुझी बडबड चालू. माहूरला धुकं न्हाई पडलं तर काय, रोल ओला झाला तर काय. तिसऱ्या मजल्यावर तू दाराला टेकून क्षणभर थांबलास, दम घेतलास, आणि वाक्य पुरं केलंस. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा कुणीही माणूस थांबला असता. मी तर दुसऱ्याच मजल्यावर थांबलो होतो.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून मी संगमेशला फोन केला. शब्द न् शब्द आठवतो. "आप्पाला दम लागतो रे. काल जिना चढताना थांबला. छातीवर हात ठेवला. जंगलात काही झालं तर मी एकटा काय करणार? तू बघ काय ते. माझं नाव मात्र सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल." छातीवर हात ठेवला, हे मी पदरचं घातलं. तू हात ठेवला नव्हतास.

आयुष्यभर मी लोकांच्या तोंडावरचे डाग काढले. त्या दिवशी माझा काढला आणि तुझ्यावर लावला. सवयीचं काम होतं. हात हलला नाही.

संगमेश गुणाचा मुलगा आहे. त्यानं तुला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाले, पण दगदग नको, जिने चढउतार कमी करा, असंही म्हणाले. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला जिने कमी करा म्हटलं की झालंच. तुझं खाली उतरणं बंद झालं. तू कॅमेरा घेऊन गच्चीवर जायला लागलास, तेव्हा गच्चीच्या दाराला कुलूप आलं. चौदा महिने तू त्या तीन खोल्यांत होतास.

"कुणी भरवलं रे हे पोराला?" तू मला फोनवर विचारलंस.

"डॉक्टरांनाच काही दिसलं असेल," मी म्हणालो.

"मला काय बी झालं न्हाई. माझं मला कळत न्हाई का? तू सांग की त्याला. तुझं ऐकतो त्यो."

"डॉक्टर म्हणतात तर ऐकावं, आप्पा."

मग म्हणालास, "का तुला बी वाटून राहिलं, मी टेकलो म्हणून?"

तू फोन ठेवलास. आपलं शेवटचं खरं भांडण ते, आणि त्यात माझी बाजू मी मांडलीच नाही.

गणपतीच्या दिवसांत मी आलो होतो तेव्हाचं सगळ्यात वाईट. तू खुर्चीतून उठलास ते भिंतीला धरून. स्वयंपाकघरापर्यंत गेलास आणि छातीवर हात ठेवून उभा राहिलास, मी फोनवर रंगवलं होतं तसाच. "खरंच दम लागतो रे आता," म्हणालास. वर्षभर घरातले सगळे जपून चालवतात, हातातला तांब्या काढून घेतात, तेव्हा माणूस तसा होतो. मी खोटं बोललो होतो, ते तुझ्या अंगानं खरं करून दाखवलं. त्या दिवशी तू सहलीचं नाव काढलं नाहीस. मला वेणी घातलेल्या लसणाची चटणी बांधून दिलीस आणि म्हणालास, "बसनं आलास का? गाडी काढायची की."

संक्रांतीच्या आधी, सकाळी इष्टलिंग हातावर घेऊन पूजेला बसलास आणि तसाच कलंडलास. संगमेशचा फोन आला तेव्हा मी डोळ्यांत थेंब टाकून पडलो होतो.

तुमच्या समाजात गेलेल्या माणसाला बसवून नेतात. मी यापूर्वी पाहिलं होतं, पण माझ्या माणसाला नाही. तुला धुवून, विभूती लावून, हार घालून पालखीत सरळ बसवलं होतं. तोंड पुढं, रस्त्याकडं. चौदा महिन्यांनी तू जिना उतरलास. गल्लीतून नेताना मी डाव्या बाजूला चालत होतो, म्हणजे तू माझ्या उजवीकडं राहशील, मला दिसशील. गाडीत उलटं झालं असतं. तू माझ्या डावीकडं बसला असतास आणि मला दिसला नसतास. पालखीच्या बरोबर चालताना मी हाच हिशेब करत होतो, आप्पा. रडू नंतर आलं.

तुझ्या दिवसकार्याला, शिवगणाराधनेच्या पंगती उठल्यावर संगमेशनं मला बाजूला घेतलं. त्यानं माझे दोन्ही हात धरले. "काका, तुम्ही वेळेवर सांगितलं म्हणून. नाहीतर आप्पा कुठं जंगलात गेले असते, आम्हाला तोंडही दिसलं नसतं. तुमचे उपकार आहेत." आणि फ्रीजमधले ते सात रोल कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातले. मी घेतले. मान हलवली. त्याचे उपकारही घेतले.

तुझं हृदय सहस्रकुंडाच्या खडकावर थांबलं असतं की आणखी पाच वर्षं चाललं असतं, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. मी तुला मारलं असं मी म्हणत नाही. पण जे दिवस तुझे होते, ते मी तुझ्याकडून काढून घेतले, माझी नजर शाबूत आहे एवढं लोकांना वाटत राहावं म्हणून. एवढं मला सांगता येतं, आणि ते खरं आहे.

इथपर्यंत लिहिलं आणि वाटलं, हे परस्पर छापायला देणं बरोबर नाही. परवा लातूरला गेलो. वहिनी आणि संगमेश समोर बसले आणि मी सगळं वाचून दाखवलं. वाचताना एकदाही वर बघितलं नाही.

संपल्यावर मी कागद मांडीवर ठेवले. मग संगमेश म्हणाला, "म्हणजे आप्पांना काही झालं नव्हतं."

"नाही."

"आणि मी त्यांना..."

"तू नाही," मी म्हणालो. "मी. तुला मी फसवलं. तुझा त्यात काही दोष नाही."

"कुलूप तर मीच लावत होतो ना, काका."

मी माझ्या छातीवरचा दगड उचलला होता आणि तो ठेवायला जागा म्हणून या मुलाची छाती निवडली होती. हे येताना बसमध्ये मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही, किंवा सुचलं आणि तरी मी आलो. तो उठून आत गेला.

मी वहिनींना म्हणालो, "हे छापू नका म्हणत असाल तर नाही छापत. दुसरं काही लिहून देतो."

वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला दिसंना झालं, हे सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला हाताला धरून नेलं असतं. एवढंच वाईट वाटतं मला." मग पदर खोचून, "छापा. हे भित्रे नव्हते. चार लोक मला म्हणत्यात, आजारी माणूस सुटला बिचारा. ते आजारी नव्हते. लोकांना कळू द्या."

मी कागद आवरत होतो तेव्हा संगमेश बाहेर आला. तोंड धुतलेलं होतं. उभ्यानंच म्हणाला, "एक वाक्य कमी आहे यात. ते टाका."

"काय?"

"आप्पा रोज सकाळी माझ्याकडं गच्चीची किल्ली मागायचे. रोज. दहा मिनिटं जाऊ दे म्हणायचे. मी दिली नाही. ते माझ्या नावानं टाका."

"नको रे बाळा," मी म्हणालो. "ते माझ्याच खात्यात राहू दे."

"टाका," तो म्हणाला. "तुमचं तेवढं खरं आणि माझं झाकलेलं, असं नको."

तो मला सोडायला खाली आला नाही. मी कठडा धरून एकटा उतरलो.

म्हणून त्यानं सांगितलं तसं लिहितो, आप्पा. तू रोज सकाळी संगमेशकडं गच्चीची किल्ली मागत होतास. त्यानं दिली नाही. कारण मी त्याला सांगितलं होतं, तुला दम लागतो.